तिसऱ्या मजल्यावर कंटाळलेली बांगडी

सांजवात:
नमस्कार मंडळी. मी गोव्यात पर्वरीला राहते. सासूबाईंच्या गुडघ्यांचे उपचार सुरू झाले म्हणून मार्चमध्ये आम्ही म्हार्दोळचं घर बंद केलं आणि इथे तिसऱ्या मजल्यावरच्या फ्लॅटमध्ये आलो. सोबत आमची मांजर आली. चार वर्षांची आहे, नसबंदी झालेली. राखाडी अंगावर बांगडा मासळीसारखे पट्टे आहेत म्हणून सासूबाईंनी नाव ठेवलं बांगडी.

म्हार्दोळला ती घरात फक्त जेवायला आणि झोपायला यायची. पहाटे कौलांवरून उतरून कुळागरात, म्हणजे पोफळीच्या बागेत जायची, पाटाच्या कडेने फिरायची, उन्हं चढली की सोप्यावर येऊन पसरायची. आठवड्यातून एकदा तरी उंदीर नाहीतर पाल आणून स्वयंपाकघराच्या उंबऱ्यावर ठेवायची. मासळीवालीचा भोंगा वाजला की आमच्याआधी ही फाटकाशी.

आता तिला दोन खोल्या आणि एक हॉल आहे. खाली कुत्री आहेत, पलीकडे हायवे आहे, तेव्हा बाहेर सोडायचा प्रश्नच नाही. पण तिचे हाल बघवत नाहीत. पहाटे चारला दारापाशी बसून ओरडते. मी चालायला लागले की घोट्याला चावते. पडदे फाडून झाले. सगळ्यात वाईट म्हणजे पोट चाटत बसते, इतकं की तिथली लव जाऊन गुलाबी कातडी दिसायला लागली आहे. सासूबाई रोज म्हणतात, ‘सोड गो तिका भायर.’ त्यांचंही मन दुखतं, मला कळतं.

घुंगराचा चेंडू आणला, सेलवर पळणारा उंदीर आणला. दोन दिवस बघितलं, मग ढुंकूनही नाही. मी आणि हे दोघंही सकाळी साडेआठला कामाला जातो ते संध्याकाळी सहाला येतो. सासूबाई घरी असतात, पण त्यांना खाली वाकता येत नाही. आता पाऊस लागला आणि खिडक्याही बंद झाल्या. तिला रमवायचं कसं? दुसरं मांजर आणलं तर सोबत होईल का? कोणी अशा मांजरासोबत राहिलं असेल तर कृपा करून सांगा.

पाऊसवेडा:
बाकी सगळं नंतर. पोट चाटून लव गेली असेल तर आधी पशुवैद्यांकडे न्या. कंटाळा आणि ताण यामुळे मांजरं असं चाटतात हे खरं, पण पिसवा, कातडीची ॲलर्जी, मूत्राशयाची सूज यांनीही चाटतात. मूत्राशय दुखत असेल तर मांजर नेमकं खालचं पोट चाटतं. ते नाही ना, हे कळल्याशिवाय खेळाने काही होणार नाही. मातीच्या ट्रेबाहेर लघवी करते का, किंवा ट्रेमध्ये जाऊन नुसतीच बसून येते का, तेही बघून ठेवा. डॉक्टर विचारतील.

आणि पहाटे चारला ओरडली की उठून खायला देत असाल तर ते बंद करा. एकदा दिलंत की ती रोज चारला ओरडणार.

माडापोंदा:
सांजवातताई, तुमचं वाचलं आणि राहवलं नाही. माझा काळू नऊ वर्षं घराबाहेर गेलेला नाही. स्कूटरखाली सापडून मागचा एक पाय गेला, तेव्हापासून सावर्ड्याच्या आमच्या घरात मी आणि तो. पहिले सहा महिने त्याने तुमच्या बांगडीसारखंच केलं. त्याच्याकडून जे शिकलो ते लिहितो.

बांगडी म्हार्दोळला दिवसभर काय करत होती? दबा धरत होती, पाठलाग करत होती, झडप घालत होती, पकडत होती, खात होती. तुम्ही आणलेला चेंडू यातलं काहीच पुरं होऊ देत नाही. जमिनीवर पडून राहिलेली वस्तू मांजराच्या लेखी मेलेली असते. सेलवरचा उंदीर पळतो खरा, पण एकाच चालीने आणि पुष्कळदा मांजराच्याच अंगावर. शिकार कधी शिकाऱ्याकडे धावत येत नाही. ती लपते, थांबते, कोपऱ्याआड जाते.

घरात खराटा असेलच. त्यातला सगळ्यात लांब हीर काढा. टोक दुमडून सुताने घट्ट बांधा म्हणजे डोळ्याला लागणार नाही. त्या टोकाला बोटभर सुती चिंधी पक्की गाठ मारून बांधा. आता सासूबाईंना खुर्चीत बसवा आणि हीर त्यांच्या हातात द्या. वाकायची गरज नाही, नुसतं मनगट हललं तरी चिंधी लांबवर नाचते. चिंधी मांजराच्या तोंडासमोर धरू नका. नाकाजवळचं मांजराला नीट दिसत नाही, तीन-चार हातांवरची हालचाल फार चांगली दिसते. जमिनीला घासत न्या, मध्येच थांबा, चटईच्या कडेखाली हळूच सरकवा. चटईखाली काहीतरी खुरखुरतंय आणि दिसत नाही, यासारखं मांजराला ओढणारं दुसरं काही मी पाहिलं नाही. काळू तेव्हा छाती जमिनीला टेकवतो, डोळ्यांच्या बाहुल्या अशा मोठ्या होतात की डोळे काळे दिसतात, आणि उडी मारायच्या आधी मागचा भाग डावी-उजवीकडे डुलवतो. तीनच पायांवर, पण डुलवतो. ते डुलणं दिसलं की समजा, खेळ लागला.

दर दोन-तीन झडपांमागे एकदा पकडू द्या. दातात धरून मागच्या पायांनी लाथा मारू द्या. पाच ते दहा मिनिटं पुरे. शेवटी हालचाल मंद करत आणा, जखमी शिकारीसारखी, शेवटची पकड तिची होऊ द्या आणि लगेच जेवण वाढा. शिकार, मग जेवण, मग अंग चाटणं, मग झोप असा मांजराचा क्रम असतो. संध्याकाळी तुम्ही आल्यावर एकदा आणि रात्री झोपायच्या आधी एकदा, दोन्ही वेळा खेळून मगच जेवण. पहाटेचं ओरडणं यानेच कमी होईल, कारण मांजराच्या अंगात जोर असतो तो पहाटे आणि तिन्हीसांजेला, आणि तुमच्याकडे तिन्हीसांजेचा जोर वाया जातोय. पहिले चार-पाच दिवस ती उलट जास्त ओरडेल. तेवढं सोसा.

दिवसभरासाठी करवंट्या. नारळ फोडलात की अर्ध्या करवंट्या घासून वाळवून ठेवा. बांगड्याचा तुकडा साध्या पाण्यात उकडा, मीठ-हळद-सोलं काही नको, काटे नीट काढा. सकाळी जाताना चार करवंट्या घरभर उपड्या ठेवा, दोघींखाली मासा किंवा तिचं कोरडं खाणं, दोन रिकाम्या. करवंटीची पाठ गोल असल्यामुळे पंजा मारला की ती डगमगते आणि सरकते, आणि आतून वास येत राहतो. काळूला पहिली करवंटी उलटायला पाऊण तास लागला होता. आता दोन मिनिटांत उलटतो म्हणून मी त्या खुर्चीवर, कपाटावर, टोपलीत ठेवतो. हे वरचं खाणं नव्हे, तिच्या रोजच्या वाटणीतलंच काढून ठेवायचं, नाहीतर दोन महिन्यांत वजन वाढेल. मासा नुसती चव म्हणून. नुसत्या मासळीवर मांजराचं पोषण पुरं होत नाही, आणि कच्ची तर देऊच नका. काही कच्च्या मासळीमुळे शरीरातलं बी१ जीवनसत्त्व नष्ट होतं. १ जून ते ३१ जुलै मासेमारी बंद असते तेव्हा मी चिकनचा उकडलेला तुकडा ठेवतो, त्यावरही तो तितकाच खूश असतो.

खिडकीचं पुढच्या वेळी लिहितो, हात दुखले.

अबोली:
माडापोंदा काकांनी चिंधी पक्की बांधा म्हटलंय त्यावर मी पोटतिडकीने सांगते: खेळ संपला की तो हीर कपाटात बंद करा. आमच्या चिंगीने देवापुढची अबोलीची फाती, म्हणजे गजरा, ओढून खेळायला घेतली. पूर्वी केळीच्या वाखात ओवायचे, ही दोऱ्यात ओवलेली होती. फुलं खाली पडली आणि दोरा पोटात गेला. मांजराच्या जिभेवर घशाच्या दिशेने वळलेले काटे असतात, एकदा आत गेलेला दोरा तिला थुंकता येत नाही. दोन दिवस उलट्या, मग ऑपरेशन. दोरा आतड्यात ताणला जाऊन आतडं चुण्या पडल्यासारखं गोळा झालं होतं. वाचली, पण ते दिवस आठवले की अजून पोटात गोळा येतो. गजऱ्याचे दोरे, लोकर, शिवणाचा दोरा, मिठाईच्या खोक्याची रिबीन, सगळं उचलून ठेवा. आणि कधी शेपटाखाली दोरा लोंबताना दिसला तर ओढू नका, तसंच डॉक्टरांकडे न्या.

पावसाळा आहे म्हणून आणखी एक. कपड्यांच्या कपाटात डांबरगोळ्या असतील तर काढा. कंटाळलेलं मांजर कपाटात शिरतंच, आणि त्या गोळ्या त्यांना विषारी आहेत.

सांजवात:
सगळ्यांचे मनापासून आभार. उद्याच डॉक्टरांकडे नेते. डांबरगोळ्या होत्या, आत्ताच काढल्या. ह्यांनी काल लेझरचा लाल ठिपका आणलाय, त्यावर ती वेड्यासारखी धावते. तो चालेल का? आणि दुसऱ्या मांजराचं कोणीच काही बोललं नाही.

माडापोंदा:
ठिपका पंजात येत नाही, त्यामुळे शिकार कधी पुरी होत नाही. काही मांजरं मग भिंतीवरची प्रत्येक तिरीप शोधत बसतात. वापरलाच तर डोळ्यांवर मारू नका आणि शेवटी ठिपका खाण्याच्या तुकड्यावर नेऊन थांबवा. मला विचाराल तर हीर बरा.

दुसरं मांजर आत्ता नको. तिची जागा नुकतीच गेली आहे, त्यात वाटेकरी आला तर चाटणं वाढेल. चार-सहा महिने ती स्थिरावू दे. मग आणलंत तरी आठ-पंधरा दिवस वेगळ्या खोलीत ठेवून आधी वासाची ओळख करून द्यावी लागते.

आता खिडकी. पावसात ती पूर्ण बंद ठेवू नका. छपरी असलेली एक खिडकी निवडा, आतून स्टीलची जाळी ठोकून घ्या. डासांची नायलॉनची जाळी मांजर नखांनी फाडतं आणि तिसऱ्या मजल्यावरून पडतं. कठड्याला लागून हातभर रुंद फळी बसवा, वर जुनी गोधडी. समोर झाड असेल तर उत्तमच. आमच्या खिडकीसमोर शेवगा आहे, बुलबुल आणि खारी येतात. काळू तिथे बसून दातांचा कचकच आवाज काढतो, त्याचा अर्धा दिवस तिथेच जातो. नख्यांसाठी टेबलाच्या पायाला सुंभ गुंडाळा, आखूड नको, मागच्या पायांवर उभी राहून ती पूर्ण ताणली जाईल इतक्या उंचीपर्यंत. टेबल हलता कामा नये, हललं की पुन्हा पडद्यांवर जाईल. पुठ्ठ्याचे खोके जरूर द्या, मात्र या दिवसांत आठवड्यात बुरशी धरते, वास आला की फेकून द्या.

आणि एक विनंती. कोणी म्हार्दोळला जाणार असेल तर कुळागरातली पोफळीची गळलेली झावळ घेऊन या. झटकून, मुंग्या नाहीत हे बघून हॉलमध्ये टाका. तिला बाहेर नेता येत नाही, पण बाहेरचं थोडं आत आणता येतं.

रानवारा:
नावावरून एक सांगावंसं वाटलं. असे बारीक समांतर पट्टे असलेल्या मांजरांना इंग्रजीत ‘मॅकरेल टॅबी’ म्हणतात, मॅकरेल म्हणजे आपला बांगडाच. तुमच्या सासूबाईंची नजर पक्की आहे.

शिवाय कुंडीतली रोपं तपासा. लग्नाच्या गुच्छात येते ती लिली मांजराच्या मूत्रपिंडाला घातक, परागकण चाटले तरी. कण्हेर नको. मनीप्लँट चावला तर तोंड भाजल्यासारखं होतं. त्याऐवजी नवरात्रात घटाशी पेरतो तसे करवंटीत गहू पेरा. बोटभर वाढले की ती कोवळी पाती आवडीने खाईल.

सांजवात:
तीन आठवडे झाले, सांगायला आले. डॉक्टरांनी कातडी बघितली, लघवी तपासली, पिसवा नाहीत, आजार नाही. ताणामुळेच चाटते म्हणाले.

पहिल्या संध्याकाळी हीर सासूबाईंच्या हातात दिला तेव्हा त्या म्हणाल्या, हे काय पोरखेळ. बांगडी कोपऱ्यात पाठ करून बसली होती. त्यांनी चिंधी चटईखाली नुसती सरकवली आणि थांबल्या. बांगडीचा एक कान मागे वळला. मग दुसरा. मग ती पूर्ण वळली, आणि काकांनी लिहिलं होतं तस्सं मागचा भाग डुलवला. सासूबाई मार्चनंतर पहिल्यांदा एवढ्या मोठ्याने हसल्या.

पहाटेचं ओरडणं पहिल्या आठवड्यात खरंच वाढलं. शेजारच्यांना जाऊन सांगून आले, त्यांनी समजून घेतलं. आता आठवड्यातून एखाददिवस, तेही पाववाल्या पोदेराचा भोंगा वाजल्यावर, म्हणजे उजाडल्यावर. घोट्याला चावणं थांबलं. पोटावर बारीक लव आली आहे, अजून मध्येमध्ये चाटते पण हाक मारली की सोडते. करवंट्यांतली एक तिने सोफ्याखाली ढकलून दिली, ती काढायला दोघांना सोफा उचलावा लागला.

रविवारी हे म्हार्दोळला जाऊन झावळ घेऊन आले. बांगडी तिच्याभोवती फिरली, देठापासून टोकापर्यंत प्रत्येक पातं हुंगलं, मग रुंद भागात अंग दुमडून झोपली. दुपारभर उठली नाही. सासूबाई शेजारी खुर्ची ओढून बसून होत्या, त्यांनीही त्या दिवशी ‘भायर सोड’ म्हटलं नाही.

आता साडेसहा वाजले की ती त्या खुर्चीसमोर येऊन कपाटाकडे बघत बसते. हीर झिजून आखूड झालाय. पुढच्या रविवारी म्हार्दोळहून नवा खराटा आणायचा आहे.