शाळेचा ग्रुप सोडला. चुकलं का?

शेवटचा_बाक

गेल्या आठवड्यात शाळेच्या बॅचचा व्हॉट्सॲप ग्रुप सोडला. शाळा सुटून 27 वर्षं झाली, ग्रुप सहा वर्षांचा, सदस्य 71. भांडण वगैरे काही नाही. एका वर्गमित्राचा वाढदिवस होता. सकाळपासून फुगे, फटाके, 'शंभर वर्षं जग रे' सुरू. अकरा जणांच्या शुभेच्छा येऊन झाल्यावर बाराव्याने लिहिलं की तो मागच्या पावसाळ्यातच गेला. मग त्याच अकरा जणांनी जोडलेले हात टाकले. दुपारी तीनला कुणीतरी विनोद फॉरवर्ड केला आणि गाडी रुळावर आली.

अकरांत मीही होतो, हे आधीच कबूल करतो.

म्हणजे जवळजवळ वर्षभर तो आमच्या लेखी 'संपर्कात' होता. यादीत नंबर होता ना! ग्रुप नसता तर निदान कधीतरी 'अरे, तो कुठे असतो हल्ली?' असं मनात आलं असतं. ग्रुपने ती चौकशीच मारून टाकली.

आता तिथे गेट-टुगेदरची टूम निघाली आहे. कोअर कमिटी झाली, टी-शर्टच्या रंगावर तीन दिवस खल झाला, तारीख अजून नाही. माझं म्हणणं असं: ज्यांच्याशी मला बोलायचं असतं त्यांच्याशी मी बोलतोच. ते चार जण आहेत. बाकीच्यांबद्दल आकस नाही, पण त्यांना भेटायचं असतं ते स्वतःच्या पंधराव्या वर्षाला. मी तिथे मागच्या पडद्यावर रंगवलेलं झाड. रॉबिन डनबर या मानववंशशास्त्रज्ञाने 1990 च्या दशकात माकड-वानरांच्या मेंदूच्या आकारावरून हिशोब मांडला होता की माणसाला साधारण 150 नाती पेलतात. त्यातली 71 शाळेलाच देऊन टाकू?

तुमची मतं वाचायला आवडतील. विरोधी असली तरी.

बिनडोक_बोका

+१. माझे शाळेचे तीन ग्रुप आहेत. एक सगळ्यांचा, एक 'त्या' दोघांना वगळून, एक मुलींना वगळून. तिन्हीकडे सकाळी तेच सूर्योदयाचं चित्र येतं.

कमिटीतला_कारकून

सपशेल असहमत. आणि जरा चिडूनच लिहितोय, कारण दोन मेळावे मी उभे केलेत आणि दोन्ही वेळा 'मागच्या पडद्यावरची झाडं' शेवटच्या दिवशी फोन करून विचारत होती की अजून नाव देता येईल का.

पहिली गोष्ट, ते 150. डनबरनेच त्याच्या आत वर्तुळं सांगितली आहेत: अगदी जवळची 5 माणसं, मग 15, मग 50. तुमचे चार जण आतल्या वर्तुळातले. बाहेरच्या वर्तुळात माणसं येत-जात राहतात, तिथे कुणी तुमच्याकडे रोज हजेरी मागत नाही. शिवाय 2021 मध्ये स्टॉकहोम विद्यापीठातल्या संशोधकांनी तोच हिशोब नव्याने केला तर उत्तर इतकं ऐसपैस निघालं की कुठलाही एकच आकडा ठामपणे सांगता येत नाही, असं त्यांनी लिहिलं. तेव्हा तो आकडा राहू द्या.

दुसरी, वाढदिवसाची. वाचून वाईट वाटलं. पण मला विचाराल तर ही गोष्ट भेटण्याच्या बाजूने जाते. तुम्ही दर दोन वर्षांनी भेटत असता तर त्याची खुर्ची रिकामी दिसली असती. दोष द्यायचा तर ग्रुपला द्या, मेळाव्याला कशाला?

मधली_सुट्टी

मी शाळेत कुणाच्या अध्यात ना मध्यात. रियुनियनलाही गेलेले नाही. तरी ग्रुप सोडणार नाही, त्याचं कारण सांगते.

दोन वर्षांपूर्वी आईचं मोठं ऑपरेशन होतं. डॉक्टर समजावून सांगत होते, पण घरी आणल्यावर रात्री काय करायचं हे कळत नव्हतं. ग्रुपवर एक ओळ टाकली. जिच्याशी शाळेत आठ वर्षांत आठ वाक्यं बोलले नसेन, ती एक मुलगी नर्स निघाली. त्या रात्री तिने तासभर फोनवर बसून जखमेची पट्टी कशी बदलायची, उशी कुठे ठेवायची, कशाला घाबरायचं आणि कशाला नाही, सगळं सांगितलं. माझ्या 'चार जणां'ना हे विचारून उपयोग नव्हता, कारण मला जे माहीत तेच त्यांना माहीत.

हे माझं एकटीचं नशीब नाही. मार्क ग्रॅनोव्हेटर या समाजशास्त्रज्ञाने 1973 मध्ये लिहिलेला निबंध प्रसिद्ध आहे. ओळखीतून नोकरी मिळालेल्यांना त्याने विचारलं, ज्याने सांगितलं तो माणूस तुम्हाला किती वेळा भेटायचा? वारंवार भेटणारे निघाले जेमतेम 17 टक्के. बाकी सगळे अधूनमधून किंवा क्वचित भेटणारे. जवळची माणसं आपल्याच डबक्यातली असतात, नवी बातमी बाहेरून येते.

शेवटचा_बाक

@मधली_सुट्टी, आई बऱ्या आहेत ना आता? तुमचं उदाहरण खोडता येत नाही. पण मग ती शाळेची मैत्रीच का हवी? सोसायटीच्या ग्रुपवरही नर्स भेटली असती.

मधली_सुट्टी

आई ठणठणीत. आणि हो, भेटली असती. पण रात्री साडेअकराला तासभर बसली असती का? 'अगं, तू ती ना, जिची वही नेहमी बाई सगळ्यांना दाखवायच्या', इथून आमचं बोलणं सुरू झालं. अनोळखी माणसाशी ओळख करून घ्यायला जो वेळ लागतो तो शाळेने आधीच भरून ठेवलेला असतो.

निळी_शाई

इतका वेळ वाचत होतो. आता लिहितो.

इथे सगळे 'वेळ नाही', 'कंटाळा', 'फॉरवर्ड' यावर बोलताय. काही लोक वेगळ्या कारणाने येत नाहीत. मला शाळेत एका नावाने हाक मारायचे. ते नाव इथे लिहीत नाही. चार वर्षं, रोज. ग्रुपमध्ये मला जोडल्यावर पहिला मेसेज तेच नाव आणि पुढे हसणारे चेहरे. त्यांच्या मते ते प्रेम होतं. मी सात मिनिटांत बाहेर पडलो. मग एकेकाचे फोन: 'अरे, अजून तेवढाच हळवा का तू? पंचवीस वर्षं झाली!'

पंचवीस वर्षं त्यांची झाली. माझी त्या नावाबरोबर सात मिनिटांत संपली, मी परत चौदा वर्षांचा.

@कमिटीतला_कारकून, तुमच्या याद्यांमध्ये 'संपर्क झाला नाही' असा एक रकाना असेल. त्यातल्या सगळ्यांचा नंबर सापडला नाही म्हणून ते त्या रकान्यात आहेत, असं समजू नका.

कमिटीतला_कारकून

रकाना आहे. आणि तुम्ही म्हणता तसा विचार मी केला नव्हता. आमच्या बॅचच्या 84 पैकी 9 जण त्यात आहेत. त्यातल्या एकाला आम्ही चार वेगवेगळ्या लोकांकडून फोन लावले होते, 'आणायचंच' म्हणून. आता जरा लाज वाटतेय.

आडनाव_बदललेली

माझी उलटी तक्रार. मला यायचं होतं आणि कुणी शोधलंच नाही! लग्नानंतर आडनाव बदललं, घरच्यांनी घर बदललं, आणि कमिटीत सगळे पुरुष. त्यांनी फेसबुकवर माहेरचं नाव टाकून शोधलं, मिळाले नाही, विषय संपला. मेळाव्याचे फोटो मी तीन महिन्यांनी दुसऱ्याच कुणाच्या भिंतीवर पाहिले. माझा सख्खा भाऊ त्याच शाळेत दोन वर्षं पुढे होता हो! त्याला एक फोन केला असता तरी पुरलं असतं. ज्यांना शोधायचं आहे त्यांनी भावंडांच्या बॅचना आधी विचारावं, मग इंटरनेट.

अवांतर: पूर्वी आमची ऑर्कुटवर छान कम्युनिटी होती. 30 सप्टेंबर 2014 ला ऑर्कुट बंद झालं तोवर आमच्यातल्या एकीनेही नंबरांची यादी उतरवून ठेवली नव्हती. आमचाच आळस. तेव्हापासून माझ्याकडे कागदाची वही आहे.

जुनं_खोड

मी इथला बहुधा सगळ्यात म्हातारा. शाळा सोडल्याला आमच्या 50 वर्षं झाली तेव्हा जमलो होतो. 62 जणांची बॅच, 19 गेलेले, 27 आले.

धागाकर्ते म्हणतात, लोक स्वतःच्या पंधराव्या वर्षाला भेटायला येतात. बरोबर आहे. मग काय बिघडलं? माणसाला उतारवयात सगळ्यात दाट आठवणी साधारण दहा ते तीस या वयातल्या असतात, हे मानसशास्त्रज्ञांनी पुष्कळ तपासलेलं आहे. माझे आईवडील गेले, थोरला भाऊ गेला. मी पंधरा वर्षांचा असताना कसा होतो हे माहीत असलेली माणसं आता या वर्गातच उरली आहेत. त्यातल्या एकाने मला सांगितलं की गणिताच्या पेपरात मी त्याला उत्तर दाखवलं होतं. मला अजिबात आठवत नव्हतं. मी आयुष्यभर स्वतःला भित्रा समजत आलो.

पंचविसाव्या वर्षाचा मेळावा मात्र भिकार झाला होता. कोण कुठे पोचला याचीच मोजणी. घाईने ठरवू नका, वय होऊ द्या.

बिनडोक_बोका

आजोबा, वय होऊ द्यायचं म्हणता आणि 62 चे 27 सांगता. हिशोब जुळत नाही.

जुनं_खोड

जुळत नाही खरा.

हजेरीपट

तात्त्विक चर्चा चालू द्या. ज्यांचं ठरतंय त्यांच्यासाठी अनुभवाचं लिहितो, कारण बहुतेक मेळावे मतभेदाने मरत नाहीत, तारखेने मरतात.

'कोणाला कधी जमेल?' हा प्रश्न ग्रुपवर विचारलात की संपलं. सत्तर लोकांना जमणारी तारीख जगात नसते. तिघांनी बसून तारीख आणि जागा ठरवायची, निदान सहा महिने आधी जाहीर करायची, आणि फक्त 'येणार / नाही' विचारायचं. 'बघतो' म्हणजे नाही. वर्गणीतला काही भाग आधी आणि परत न मिळणारा ठेवा, नाहीतर चाळीस होकारांवर बावीस डोकी येतात आणि तोटा तिघांच्या अंगावर. ज्याला वर्गणी जड आहे त्याच्यासाठी कोषाध्यक्षाच्या कानात सांगायची सोय ठेवा. आमच्याकडे दोघांनी वापरली. कोण ते फक्त मला माहीत आहे, आणि मी विसरलोय. हिशोब मात्र आठवड्याच्या आत ग्रुपवर टाका. उरलेल्या रकमेवरून मैत्री तुटलेली मी पाहिली आहे. रक्कम इतकी क्षुल्लक होती की सांगायला लाज वाटेल.

भाषणं नकोत. स्मृतिचिन्ह नको. नवरा-बायकोला आणायचं की नाही यावर आमच्याकडे मोठं रण पेटलं. शेवटी नाही ठरलं आणि तेच बरं झालं, आपल्याला माहीत नसलेल्या विनोदांवर हसायला बिचारे कशाला येतील?

आणि नावाचे बिल्ले लावाच. लोकांना तो अपमान वाटतो, 'आपण काय परके आहोत का?' म्हणतात. 1975 मध्ये हॅरी बाहरिक आणि सहकाऱ्यांनी 392 जणांवर शालेय वर्गमित्रांच्या आठवणींचा अभ्यास केला होता. शाळा सोडून पंधरा वर्षं झालेले लोकही जुना फोटो दाखवला की सुमारे 90 टक्के वेळा वर्गमित्र बरोबर ओळखत. पण काही न दाखवता नावं सांगा म्हटलं की गाडी 60 टक्क्यांच्या आसपास अडायची, आणि 48 वर्षांनी ती 30 पर्यंत खाली यायची. म्हणजे चेहरा ओळखीचा आणि जिभेवर नाव नाही. अशा वेळी माणूस काय करतो? टाळतो. आम्ही बिल्ल्यावर शाळेतला फोटो आणि नाव दोन्ही छापलं. 'नाव काय तुझं?' हा प्रश्न दिवसभरात कुणाला विचारावा लागला नाही.

शेवटचा_बाक

बिल्ल्याची कल्पना आवडली, हे नाइलाजाने मान्य. तरी ग्रुपबद्दलचं मत कायम आहे. मेळाव्याबद्दलचं जरासं हललंय. दिवसभर भेटून परत आपापल्या घरी जाणं मला समजू शकतं. वर्षभर एकमेकांच्या खिशात राहणं नाही.

उशिरा_आलो

नवा आयडी काढला आहे, कारण समजून घ्या. @निळी_शाई यांचा प्रतिसाद काल रात्री वाचला आणि झोप आली नाही. मी दुसऱ्या बाजूचा आहे. मी एका मुलाला नाव पाडलं होतं आणि ते नाव मीच शाळाभर केलं. तेव्हा मी हुशार समजला जायचो त्याबद्दल. पुढच्या महिन्यात आमचा मेळावा आहे आणि तो येणार आहे. मी तिथे सगळ्यांसमोर माफी मागायचं ठरवलं होतं. माईकवर.

बिनडोक_बोका

माईकवर नको रे बाबा.

जुनं_खोड

मागा की. चूक चारचौघांत केली, माफीही चारचौघांत.

निळी_शाई

@जुनं_खोड, तुमचा मान राखून सांगतो, चूक. चारचौघांत माफी मागितली की त्याला चारचौघांत 'जाऊ दे रे' म्हणावंच लागेल. नाही म्हणायची सोय राहत नाही. वर सगळे टाळ्या वाजवतील, तुमचं मन हलकं होईल, आणि ज्यांना ते नाव माहीत नव्हतं त्यांनाही ते कळेल.

@उशिरा_आलो, मेळाव्याच्या आधी लिहा, म्हणजे यायचं की नाही हे तो ठरवू शकेल. फक्त त्याला. काय केलंत ते लिहा, ते नाव लिहू नका. 'लहान होतो' लिहू नका. उत्तर मागू नका.

उशिरा_आलो

आणि उत्तर नाही आलं तर?

निळी_शाई

तर नाही आलं.

नंबर आहे का तुमच्याकडे त्याचा?

उशिरा_आलो

ग्रुपमध्ये आहे. सहा वर्षं.