दृश्य संपादक की टॅग: चिकटवलेल्या मजकुराचं काय?

वेबवर लिहिताना दृश्य संपादक (बटणं दाबून मजकूर सजवायची सोय) असताना टॅग, म्हणजे त्याच सजावटीसाठी मजकुराभोवती हाताने लिहायच्या खुणा, कशाला शिकायचे, असं काही जण विचारतात. हा मुद्दा नवख्यांसाठी अगदी रास्त आहे. शब्द निवडला, बटण दाबलं, ठळक झाला. पण खरी पंचाईत होते ती वर्डमधून मजकूर चिकटवताना. दिसायला चार साध्या ओळी, पण त्यांच्यासोबत फाँटचं नाव, आकार, रंग, ओळींमधलं अंतर असं सगळं लटांबर टॅगांमध्ये गुपचूप येतं. मग एक परिच्छेद बारीक, दुसरा मोठा, आणि गडद पार्श्वभूमी ठेवून वाचणाऱ्याला काळ्यावर काळी अक्षरं! नुसती बटणं दाबून हे निस्तरणं फार कटकटीचं. त्यापेक्षा कंट्रोल-शिफ्ट-व्ही दाबून निव्वळ मजकूर चिकटवा. बहुतेक ब्राउझरांत चालतं आणि निम्मा त्रास तिथेच संपतो.

टॅगचा मोठा फायदा म्हणजे चूक डोळ्यांना दिसते. ठळक अक्षरं एका शब्दावर न थांबता शेवटपर्यंत गेली, की समजायचं, तिरक्या रेघेचा (/) बंद करणारा टॅग राहिलाय. एकात एक टॅग असतील तर शेवटी उघडलेला आधी बंद करायचा. तक्त्यांसाठी मात्र मी दृश्य संपादकच सुचवेन. रांगा-रकाने हाताने लिहिणं जिवावर येतं.

आणि दोन्हीपैकी काहीही वापरा, देवनागरीत इटॅलिक शक्यतो टाळा. बऱ्याच देवनागरी फाँटांत तिरकी अक्षरं वेगळी घडवलेलीच नसतात. ब्राउझर सरळ अक्षरं ढकलून तिरपी करतो आणि बारीक आकारात मात्रा, वेलांट्या वाचताना डोळे शिणतात. जोर द्यायचा तर ठळक करा.