नुसत्या किमान वेतनावर घर चालवलंय का कुणी? (अनुभव धागा)

शेवंतीची_वेणी
काल शेजारच्या काकी आल्या होत्या. त्यांचा मुलगा इथे गोव्यात वेर्ण्याच्या एका कंपनीत काँट्रॅक्टवर लागलाय, किमान वेतनाच्या दराने. आता त्याच्यासाठी मुली बघतायत आणि मुलीकडचे सगळ्यात आधी विचारतात, पर्मनंट आहे का? काकी मला म्हणाल्या, "वैनी, यात दोघांचं भागेल ना गे? आणि उद्या मूल झालं तर?"

मला एकदम आमचे सुरुवातीचे दिवस आठवले. नव्वदच्या दशकातलं लग्न. हे कुंडईला कारखान्यात, पगार असाच, कायद्याने द्यावा लागतो तेवढाच. पगार झाला की बांगडे, मग तारले, महिनाअखेरीला सुकी सुंगटं नाहीतर नुसती पेज आणि लोणचं. पण घर सासऱ्यांचं होतं. परसात चार माड. सासूबाई पावसाआधी पुरुमेंत भरून ठेवायच्या, सुकं नुस्तं (मासळी), सोलं, मिरच्या, तांदूळ. माहेरून चवथीला (गणपतीला) ओझं यायचं. भाड्यापोटी एक रुपया कधी गेला नाही. सगळे म्हणायचे, बघा, एका पगारात कसं नीट चालवते. एका पगारात कुठे? सासऱ्यांचं छप्पर आणि सासूबाईंची मेहनत कोणी धरलीच नाही.

या मुलाकडे त्यातलं काहीच नाही. दोन खोल्या, त्याही भाड्याच्या, आणि आई आजारी. तुमच्या घरात कसं निभावलं ते लिहा. खरंच नुसत्या त्या पगारावर चाललेलं घर असेल तर मुद्दाम लिहा.

कदंबातला_प्रवासी
भाडं नसेल तर चालतं. भाडं असेल तर नाही.

खानापूरवाली
आम्ही भाड्याचेच. फोंड्याजवळ एक खोली, मोरी आत, संडास चार बिऱ्हाडांत एक. मालक वीज युनिटमागे स्वतःच्या दराने लावतो, सरकारी बिलाशी त्याचा संबंध नाही. यांचा पगार आला की आधी भाडं, मग गावी सासूबाईंच्या औषधांचे पैसे. उरलं त्यात आम्ही तिघं. मी दोन घरी धुणीभांडी करते, त्यावर मुलीची शाळा. दोघं कमावतो तेव्हा एक घर उभं राहतं. पूर्वी गावाहून तांदूळ यायचा, दीर वेगळे झाल्यापासून तोही बंद. शेवंतीताई, तुमचं वाचून डोळे भरले. छप्पर असणं काय असतं ते भाडं भरणाऱ्यालाच कळतं.

माटोळी
पुरुमेंत शब्द किती वर्षांनी वाचला!! आमची आई खारातल्या कैऱ्यांची बरणी माळ्यावर ठेवायची. आता म्हापशाच्या शुक्रवारच्या बाजारात जाते तर सुक्या बांगड्यांचा भाव ऐकूनच परत येते.

सुकेबांगडे
@माटोळी दुपारी जा, बाजार उठायच्या वेळी. भाव उतरतो.

हिशेबनीस
युनियनच्या कामात बरीच वर्षं गेली, म्हणून थोडं सविस्तर लिहितो.

किमान वेतनाचा मूळ कायदा होता १९४८ चा. पण कुटुंबाला किती लागतं याची मोजपट्टी ठरली १९५७ मध्ये, पंधराव्या भारतीय श्रम परिषदेत. एका कमावत्यामागे तीन 'युनिटं' धरायची: स्वतः कामगार, बायको आणि दोन मुलं मिळून, कारण मुलं पूर्ण एकेक युनिट धरत नाहीत. बायको कमावत असली तरी ती कमाई हिशेबात घ्यायची नाही. मोठ्या माणसाला दिवसाला २७०० कॅलरी अन्न, कुटुंबाला वर्षाला ७२ वार कापड, सरकारी औद्योगिक घरांच्या भाड्याइतकं घरभाडं, आणि इंधन, दिवाबत्ती वगैरेंसाठी २० टक्के. पुढे रेप्टाकोस ब्रेटच्या कामगारांच्या खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने सांगितलं की मुलांचं शिक्षण, औषधपाणी, सणवार, म्हातारपण, लग्नकार्य यांसाठी आणखी २५ टक्के धरा.

आता यात काय नाही ते बघा. म्हातारे आईवडील नाहीत. आपल्यातल्या किती घरांत आईवडील नाहीत? काकींच्या मुलाला स्वतःची आईच मोजता येत नाही. आणि भाडं धरलंय ते सरकारी वसाहतीच्या हिशेबाचं. पर्वरीत नाहीतर वेर्ण्यात खोली शोधायला जा त्या आकड्यात.

दुसरं, हातात येणारा पैसा. समजा मूळ वेतन आणि महागाई भत्ता मिळून १३,००० झाले. पीएफचे १२ टक्के म्हणजे १,५६० गेले, ईएसआयचे (कामगार विम्याचे) पाऊण टक्का म्हणजे ९८ च्या आसपास. हातात ११,३०० च्या थोडे वर. पीएफ आपलाच असतो, कबूल, पण तो या महिन्याचं भाडं भरत नाही. वर दर रोजाचा. २६ दिवस भरले तर पूर्ण, ताप आला तर कमी.

कळंगुट_बीच_रोड
रोजाचा दर हे अगदी बरोबर. मी हॉटेलात आहे. सीझनला दर किमानपेक्षा वर, टिप मिळते, जेवण तिथेच. जूनमध्ये अर्ध्या लोकांना घरी पाठवतात. दर कायद्यात बसतो, पण पावसात रोजंदारीच नसते तर दर काय चाटायचा? डिसेंबरात कमावलेलं ऑगस्टपर्यंत पुरवायचं आणि मध्येच शाळेची फी, छत्र्या, रेनकोट आणि चवथ. पावसात आम्ही तिघे मिळून एकाच्या टेम्पोवर सामान भरायला जातो.

माटोळी
चवथीचं नाव काढू नका बाबांनो, नारळ किती महागलेत. मी तर हॉर्टिकल्चरच्या (सरकारी महामंडळाच्या) गाड्यावरूनच सगळी भाजी घेते.

साखळीची_सून
आमचं उलट्या दिशेने झालं. हे खाणीवर ट्रक चालवायचे, दिवसाला फेऱ्यांवर पैसे, घरात कधी कमी पडलं नाही. २०१२ ला खाणी बंद झाल्या. मग थोडं सुरू झालं आणि २०१८ ला पुन्हा बंद. मालकाने ट्रक विकला. ह्यांनी सिक्युरिटीचं काम धरलं, बारा तासांची ड्युटी, पगार आठ तासांच्या दराने. घर आमचं होतं म्हणून रस्त्यावर आलो नाही, पण सोसायटीचा हप्ता होताच. मी चपात्यांच्या ऑर्डरी घ्यायला लागले. चवथीला नेवऱ्या, लग्नाच्या सीझनला पुरणपोळ्या. पहाटे चारला उठायचं, मुलांच्या डब्याआधी लोकांच्या चपात्या. सरकारच्या गृहआधार योजनेचे दीड हजार येतात ते गॅस सिलिंडर आणि पिठात जातात. कुणी विचारलं की हे सांगतात, माझ्या पगारावर घर चालतं. मी काही बोलत नाही, पण इथे लिहिते. चालत नाही.

शेवंतीची_वेणी
@साखळीची_सून हे त्यांना एकदा वाचायला द्या हो. मनापासून सांगते.

हिशेबनीस
@साखळीची_सून बारा तासांत आठ तासांचा पगार हे चूक आहे. जादा तासांचा मोबदला दुप्पट दराने द्यावा लागतो. ड्युटी रजिस्टरच्या रोजच्या पानाचा मोबाइलवर फोटो काढून ठेवायला सांगा. मजूर खात्याकडे तक्रार करायची झाली तर तोच उपयोगी पडेल.

साखळीची_सून
भीती वाटते हो. तक्रार केली की उद्यापासून येऊ नको म्हणतात. काँट्रॅक्टवाल्याकडे दहाजण रांगेत उभे आहेत.

तिळारीकाठ
मी दोडामार्गातून रोज येतो. बाईकने दीड तास जाऊन येऊन, पावसात जास्त. पेट्रोल आणि टायर धरले तर आठवड्यातल्या एका दिवसाची मजुरी रस्त्यावरच जाते. तरी परवडतं, कारण घर गावात, भात घरचं, काजूचे थोडे पैसे मे महिन्यात. गोव्यात खोली घेऊन राहिलेले माझे दोन मित्र वर्षभरात परत गावी आले. आजारपणाची मात्र काळजी असते. दीनदयाळ स्वास्थ्य सेवेचं कार्ड गोव्यात पाच वर्षं राहणाऱ्यांना, आम्ही कामाला गोव्यात आणि कागदावर महाराष्ट्रात. ईएसआय तेवढा आधार. म्हणून सांगतो, तुमच्या स्लिपवर ईएसआय कापतात का ते बघा, आणि कापलं तर पुढे खरंच भरतात का तेही बघा.

वेर्णा_शिफ्ट
तीन वर्षं झाली, लग्न थांबवलंय याच कारणाने. धाकट्या भावाचं शिक्षण चालू आहे. त्याला नोकरी लागली की बघू. मुलीकडचे सरकारी नोकरी विचारतात, त्यांचंही चूक वाटत नाही मला. माझ्या बहिणीसाठी मीही तेच विचारीन.

खानापूरवाली
@वेर्णा_शिफ्ट भाऊ, काळजी घ्या हो. रात्रपाळीनंतर थेट बाईक चालवू नका, चहा पिऊन निघा.

कदंबातला_प्रवासी
साखळीहून कुंडईला सकाळच्या शिफ्टला वेळेवर पोचणारी बस आहे का कुणाला माहीत? पुतण्यासाठी विचारतोय.

साखळीची_सून
थेट गाडीच्या भरवशावर राहू नका. फोंड्याच्या गाडीने जाऊन तिथून बदलणारे बरेच आहेत. नाहीतर कंपनीची गाडी कुठून सुटते ते विचारा, बऱ्याच जणांची ठरलेली असते.

शेवंतीची_वेणी
सगळ्यांचं सावकाश वाचलं. मी काकींना काय सांगितलं ते लिहिते. लग्न थांबवू नका म्हटलं, पण मुलीकडच्यांना आकडा खरा सांगा, भाडं किती, औषधं किती, हातात किती येतात. आणि मुलगी कमावती असेल तर तिचा पगार घर चालवायला लागणार हे आधीच मोकळेपणाने बोला. पुढे तो पगार 'वरखर्चाचा' म्हणू नका. काकी थोड्या गप्प झाल्या. मग म्हणाल्या, माझ्याच औषधांचं आधी सांगावं लागेल. मला फार वाईट वाटलं.

@हिशेबनीस मुलाने स्लिप दाखवली. मूळ वेतन आणि व्हीडीए (बदलता महागाई भत्ता) वेगळे दाखवलेत, पण व्हीडीएचा आकडा गेल्या वर्षीचाच आहे. असं चालतं का?

हिशेबनीस
नाही चालत. व्हीडीए ग्राहक किंमत निर्देशांकावर ठरतो, आपल्याकडे एप्रिल आणि ऑक्टोबर असा वर्षातून दोनदा बदलतो. मजूर खात्याच्या परिपत्रकात श्रेणीवार दर असतात: अकुशल, अर्धकुशल, कुशल. आधी त्याला कुठल्या श्रेणीत घातलंय ते बघा. मशीन चालवणाऱ्याला अकुशल दाखवायची सवय असते. स्लिपचा फोटो मला खासगी निरोपात पाठवा, नाव आणि कंपनी झाकून. मी आकडे लावून देतो. फरक निघाला तर मागचा थकलेलाही मागता येतो.

शेवंतीची_वेणी
संध्याकाळी पाठवते. तो मशीनवरच आहे.

सुकेबांगडे
@माटोळी येत्या शुक्रवारी जाणार असाल तर मलाही सांगा, दोघी मिळून घेऊ, जास्त घेतले की कमी करतात.