केन ड्रायडेनचं १९७१-७२चं कार्ड: कड खरबरीत आहे म्हणजे नकली का?

बर्फातला_मालवणी
मंडळी, कॅनडात हॅमिल्टनला राहून अकरा वर्षं झाली, पण बर्फावरच्या हॉकीतलं माझं ज्ञान टीव्हीपुरतंच. शेजारचे आजोबा घर विकून लेकीकडे राहायला गेले. जाताना बुटांचा एक खोका माझ्या मुलाला देऊन गेले. आत रबरबँड लावलेले, हॉकी खेळाडूंचे फोटो छापलेल्या संग्राह्य कार्डांचे गठ्ठे. एका गठ्ठ्याच्या मधोमध मॉन्ट्रियल कनेडियन्सचा गोलकीपर केन ड्रायडेन, ओ-पी-ची कंपनीचं कार्ड, क्रमांक ४५.

काल एका दुकानात दाखवलं. दुकानदार म्हणाला, डावी कड बघा, कुसं निघाल्यासारखी आहे, कुणीतरी घरी कापलंय. वीस डॉलर देतो. चिरंजीव कार्ड घेऊन जे बाहेर पडले ते गाडीपाशीच थांबले. जाणकारांनी प्रकाश टाकावा. आणखी एक, मागच्या बाजूला निळ्या बॉलपेनची बरोबरची खूण आहे. खोडरबराने जाईल का?

फटकळ_काका
पन्नास वर्षांपूर्वीची वस्तू फुकट मिळाली म्हटल्यावर नकलीच असणार. वीस घ्या नि सुटा.

जुना_पुठ्ठा
मालवणी, खोडरबर आधी ड्रॉवरमध्ये ठेवा, मग पुढचं वाचा. खूण जाणार नाही, वरचा कागद मात्र सोलवटेल. पेनचं कार्ड ग्रेडिंगमध्ये, म्हणजे कार्डाची अवस्था तपासून दर्जा ठरवतात त्यात, मार खातंच, पण खोडलेलं त्याहून वाईट.

आता कडेचं. ओ-पी-ची कंपनी लंडनची, म्हणजे आपल्या ओंटारिओतल्या. त्या काळी त्यांची कार्डं तारेने कापली जात, त्यामुळे एखादी बाजू फाटल्यासारखी दिसणं ही त्या कार्डांची जातच आहे. दुकानदाराला हे ठाऊक नसेल यावर माझा विश्वास नाही! कापलंय का ते पाहायचं तर मापा: अडीच बाय साडेतीन इंच. त्याहून सोपं म्हणजे त्याच खोक्यातल्या त्याच वर्षाच्या कार्डांवर ठेवून बघा, आखूड भरतंय का.

मागचा मजकूर इंग्रजी आणि फ्रेंच दोन्हींत हवा. अमेरिकेतल्या टॉप्स कंपनीनेही त्याच वर्षी ड्रायडेन ४५ क्रमांकावरच काढला होता, पण त्यावर नुसतं इंग्रजी. मग भिंग घ्या. फोटो रंगीत ठिपक्यांचा दिसेल, ते ठीक. पण नावाची अक्षरंही ठिपक्यांची दिसली तर कुणीतरी स्कॅन करून छापलंय असं धरा.

आणि काका, या कार्डासाठी लोक का झुरतात ते ऐका. १९७१ च्या वसंतात या पोराने साखळीतले जेमतेम सहा सामने खेळले होते. साखळीनंतरच्या प्लेऑफला, म्हणजे बाद फेऱ्यांना, त्यालाच उभं केलं. समोर बोस्टन: बॉबी ऑर, त्या मोसमात ७६ गोल ठोकलेला फिल एस्पोझिटो. सात सामन्यांत बोस्टन घरी, पुढे शिकागोला हरवून स्टॅनली कप, म्हणजे विजेतेपद, आणि प्लेऑफमधल्या सर्वोत्तम खेळाडूची कॉन स्माइथ ट्रॉफी ड्रायडेनला. सर्वोत्तम नवोदिताची कॅल्डर ट्रॉफी त्याला मिळाली ती त्याच्या पुढच्या वर्षी! आधी डॉक्टरेट, मग दहावी. १९७३-७४ चा अख्खा मोसम पगारावरून बाहेर बसला, वकिलीची उमेदवारी केली, तरी १९७९ ला निवृत्त होईपर्यंत सहा कप. जन्म हॅमिल्टनचा, मालवणी, तुमच्याच गावचा. सप्टेंबर २०२५ मध्ये गेला.

रबरबँड आजच काढा. मऊ प्लास्टिकच्या पाकिटात, मग टॉपलोडरमध्ये, म्हणजे वरून उघड्या कडक प्लास्टिकच्या कव्हरात.

फटकळ_काका
वीसचं मागे घेतो. पंचवीस.

बर्फातला_मालवणी
मापलं, पुरेपूर भरलं. मागे फ्रेंच आहे. भिंगातून अक्षरं भरीव दिसतात. ग्रेडिंगला पाठवायला मुलगा तयार नाही, टॉपलोडर त्याच्या उशाशी आहे.

खुणेबद्दल आजोबांना फोन केला. म्हणाले, ती खूण म्हणजे 'हे दुसरं आलं, अदलाबदलीला चालेल'. मग पहिलं कुठंय? तर ते त्यांनी सायकलच्या आऱ्यांत खोचलं होतं, फटफट आवाज यावा म्हणून.