मदत हवी आहे : घराजवळच्या विहिरीतला काळा पाषाण सुरुंगाविना फोडायचाय

जालना जिल्हा, विहिरीच्या तळाला अखंड काळा पाषाण. शेजारचं दगड-मातीचं घर 30 फुटांवर, म्हणून परवानाधारक ठेकेदारानेच सुरुंग नको म्हटलं. काळी दारू (गनपावडर) ठिकऱ्या न करता वायूच्या दाबाने दगड ढकलते, खरं. पण हादरा तिचाही बसतो, वर परवाना लागतोच. ते सुचवू नका.

फुगणारी चुन्याची पावडर भरून पाहिली : 36 मिमीची छिद्रं, फूटभर अंतराने. दुपारी भरलेली तापून छिद्रातून उसळली. पहाटे गार पाण्यात कालवली तर नुसती केसाएवढी चीर. दगडाला सरकायला मोकळी बाजू नाही, हेच कारण दिसतं. क्रेन पोचत नाही, त्यामुळे दगड फोडणारं ब्रेकर यंत्र विहिरीत उतरवता येत नाही, तेही बाद.

ती मोकळी बाजू मिळावी म्हणून मधोमध रिकामी छिद्रं किती पाडावीत, आणि पावडर भरायची छिद्रं त्यांच्यापासून किती इंचांवर?