टाकीतलं रेत शिळं होत नाही, बिघडतं ते टाकीबाहेर

पशुवैद्य_सांगोला
काल इथे एका दादांनी लिहिलं : "नायट्रोजनच्या टाकीत वर्षानुवर्षं पडून रेत शिळं होतं, म्हणून गाई उलटतात. गावात वळू होता तेव्हा गाय पहिल्याच खेपेला भरायची." खाली सगळ्यांनी 'अगदी बरोबर' म्हटलं, म्हणून लांबलचक लिहितोय. नव्यांसाठी : रेत म्हणजे वळूचं वीर्य, आणि उलटणं म्हणजे भरवूनही गाभण न राहणं.

उणे १९६ अंशांवर रेत शिळं होत नाही. ऑस्ट्रेलियात १९६८ साली गोठवलेलं मेंढ्याचं रेत सिडनी विद्यापीठाच्या लोकांनी पन्नास वर्षांनी ५६ मेंढ्यांना दिलं, त्यातल्या ३४ गाभण राहिल्या. ताज्या गोठवलेल्या रेताचं प्रमाणही जवळपास तेवढंच होतं. मग आपल्या टाकीतली दोन-तीन वर्षांची कांडी (रेत भरलेली बारीक नळी) शिळी कशी?

नुकसान होतं ते गोठवताना आणि विरघळवताना. गारठ्याने शुक्राणूचं आवरण फाटतं. म्हणून अंड्याचा बलक आणि ग्लिसरॉल घालतात, ४-५ अंशांवर काही तास ठेवतात, मग गोठवतात. तरी बरेच मरतात. ते धरूनच पाव मिलीच्या कांडीत २ कोटी शुक्राणू भरतात आणि विरघळल्यावर निदान ५० टक्के पळते असावे लागतात.

खिलार_आटपाडी
डॉक्टर, बरेच मरतात हे तुम्हीच लिहिलंत. मग मी काल लिहिलं त्यात काय चुकलं? आमची कालवड तीनदा उलटली. शेवटी शेजारच्या गावच्या वळूकडे नेली, पहिल्या खेपेला राहिली. आमच्यासाठी हाच पुरावा. तुमच्या सिडनीत आमची गाय चरायला जात नाही.

पशुवैद्य_सांगोला
वळू योनीत शेकडो कोटी सोडतो, आम्ही गन (रेत आत सोडायची लांब नळी) गर्भाशयमुखाच्या पलीकडे नेऊन सोडतो. तिथे एक कोटी जिवंत पुरतात. पण गोठवलेले शुक्राणू आत गेल्यावर फार तास टिकत नाहीत, म्हणून वेळ चुकली की कांडी वाया. वळू वेळ स्वतः ओळखतो, माणसाला माज, म्हणजे गाय भरवायला तयार असल्याची खूण, बघावी लागते. आणि त्याच वळूकडे गावातल्या सगळ्या गाई जातात. एकीला ब्रुसेलोसिस (गाभ पाडणारा संसर्गाचा रोग) असेल तर काय होईल, याचाही विचार करा.

म्हैसवाली_कोल्हापूर
गाईचं झालं, म्हशीचं कोण बोलणार? म्हशीचं रेत गोठवणं गाईच्या रेतापेक्षा नाजूक, त्यात उन्हाळ्यात मुका माज. ना ओरडत, ना सोट (माजातला चिकट स्राव) नीट दिसत. मी वहीत माजाची वेळ लिहिते. सकाळी माज दिसला की संध्याकाळी, संध्याकाळी दिसला की दुसऱ्या दिवशी सकाळी भरवते. वही सुरू केल्यापासून उलटणं खूप कमी झालं. कांडी तीच, रेतकही (कांडी भरणारे) तेच.

खिलार_आटपाडी
ताई, तुमची वही बरोबर असेल. पण मूळ दुखणं वेगळं आहे. या कांड्यांनीच आमचं खिलार, आमची देशी गाई-बैलांची जात, संपवलं. घरोघरी एचएफची (होल्स्टिन फ्रिजियन, जास्त दुधाची विदेशी जात) कांडी भरवली, वळू विकले, आणि आता शर्यतीचा बैल शोधायला जिल्हे पालथे घालावे लागतात.

दूधधंदा_फलटण
खिलार कांडीने संपवलं? खिलार गाय दोन-अडीच लिटर देते, तिला पेंड घालून कर्ज कोण फेडणार? २०१४ ला शर्यती बंद झाल्या तेव्हा तुम्हीच बैल बाजारात नेलेत. डिसेंबर २०२१ ला परवानगी मिळाली, मे २०२३ ला सुप्रीम कोर्टाने कायदा उचलून धरला, आणि आता खोंडाला लाखांचे भाव. गाईची आठवण तेव्हाही नव्हती, आताही नाही.

खिलार_आटपाडी
तोंड सांभाळून बोला. बंदीच्या काळात दारातला बैल विकताना आमच्या घरात चूल पेटली नव्हती. तुम्ही दुधाचा हिशोब करता, आम्ही माणदेशातल्या दुष्काळात तगणारं जनावर सांभाळलं. तुमची एचएफ एप्रिलमध्ये पंख्याखाली धापा टाकते.

दूधधंदा_फलटण
धापा टाकते, पण पोरांची फी भरते. सांभाळायचं असेल तर खिलारच्या चांगल्या वळूचं रेत गोठवा. एका वेळच्या रेतातून शेकडो कांड्या निघतात. एकाच वळूवर त्याच्याच मुली भरवत बसलात तर खिलार तुमच्याच हाताने खराब होईल.

रेतक_माण
सगळे बोलून झाले असतील तर आमचंही ऐका. नायट्रोजन रोज थोडा उडतोच. भरायची गाडी आठवडाभर उशिरा आली तर कंटेनरची, म्हणजे टाकीतल्या नायट्रोजनची, पातळी खाली जाते, आणि पातळी गेली की सगळा माल गेला. तुमचा फोन रात्री अकराला येतो, माज आदल्या सकाळी संपलेला असतो, आणि गाय उलटली की नाव आमचं.

आमच्यातलेही काही चुकतात. कुणी कांडी बर्फाच्या थर्मासमध्ये टाकून वस्तीवर नेतात. तिथेच ती मेली. कुणी कॅनिस्टर (टाकीतला कांड्यांचा डबा) तोंडापर्यंत वर उचलून कांडीचा रंग शोधत बसतात. उणे १३० च्या वर गेलं की आतले बर्फाचे कण मोठे होऊ लागतात, परत बुडवून ते नुकसान भरत नाही. कॅनिस्टर टाकीच्या मानेच्या खाली ठेवायचा, चिमट्याने कांडी काही सेकंदांत काढायची, ३७ अंशांच्या पाण्यात ३० सेकंद. थंडीत गन हाताने चोळून गरम करायची, नाहीतर विरघळलेलं रेत गनमध्येच पुन्हा गारठतं.

म्हैसवाली_कोल्हापूर
हे कुणी आधी सांगितलंच नाही. आमच्याकडे कांडी खिशात घालून आणलेली मी पाहिली आहे. विचारलं तर उत्तर मिळालं, "काकू, तुम्हाला काय कळतंय?"

पशुवैद्य_सांगोला
थर्मास आणि खिसा सर्रास चालतो, हे मला मान्य करावं लागेल. त्यामुळे कालवड तीनदा उलटली हे खोटं म्हणणार नाही. दोष टाकीच्या थंडीचा नाही, एवढंच माझं म्हणणं. शेतकऱ्याने थर्मामीटर आणि गरम पाणी तयार ठेवावं, आणि कांडी आपल्यासमोर कंटेनरमधून काढायला लावावी.

खिलार_आटपाडी
गोठवल्याने नासत नाही म्हणता, तेवढं घ्या मान्य. शर्यतीबद्दल जे बोलले ते मी विसरणार नाही. दुसरी कालवड माजावर येईल तेव्हा रेतकाला बोलावतो. पण कंटेनरमध्ये पट्टी माझ्यासमोर बुडवून पातळी दाखवायची, आणि कांडी खिलारचीच आणायची. एचएफची आणली तर दारातूनच परत पाठवीन.