३ तारखेला प्रोजेक्टर लावायचा का?

सोसायटी ग्रुप, अंधेरी पश्चिम. बुधवार, २६ जानेवारी २०२२

सेक्रेटरी, ए-१०१: सर्वांना प्रजासत्ताक दिनाच्या शुभेच्छा. झेंडावंदनाला मास्क लावून आलात, आभार. एक विषय आहे. गुरुवारी ३ फेब्रुवारीला इंडियन सुपर लीगमध्ये आपल्या फुटबॉल टीमची, मुंबई सिटीची, मोहन बागानशी मॅच आहे. मुलं क्लब हाऊसमध्ये प्रोजेक्टर लावा म्हणतायत. खिडक्या उघड्या ठेवून वीस जणांपर्यंत चालेल असं कमिटीचं मत. पण कालच्या मॅचनंतर दोघांनी नावं काढून घेतली. नक्की किती जण येणार ते कळवा.

सी-५०२: तिसरं नाव माझं काढा. सहा मॅच झाल्या, एकही जिंकलेली नाही. मुलगा काल न जेवता झोपला.

ए-६०३ काका: कोच बदलला तिथेच घोळ झाला. गेल्या वर्षीचा तो स्पॅनिश कोच होता तेव्हा काय खेळत होते! याला घालवा.

बी-७०४: काका, कोचवर ढकललेलं मला पटत नाही. तुमचा तो स्पॅनिश लोबेरा ऑक्टोबरमध्ये गेला आणि नोव्हेंबरमध्ये सीझन सुरू झाला. नव्या कोचला, बकिंगहॅमला, टीम ओळखायलाही वेळ मिळाला नाही. आणि टीम तरी कुठे तीच राहिली होती? अमरिंदर गोलपोस्टमधून थेट मोहन बागानकडे. बूमूही तिकडेच. ओग्बेचे हैदराबादला, आणि आज तिथे धडाधड गोल करतोय. सांताना नॉर्थईस्टला, ल फाँद्र परत ऑस्ट्रेलियाला. गोलकीपर, मधली फळी, पुढची फळी, सगळीकडची अनुभवी माणसं एका उन्हाळ्यात गेली.

डी-३०१: ताई, मग पहिल्या सहापैकी पाच कशा जिंकल्या? तेव्हाही हीच टीम होती. मोहन बागानला ५-१ हाणलं होतं.

बी-७०४: बरोबर विचारलंस. काल रात्री झोप लागेना, तेव्हा वही घेऊन बसले होते. पहिल्या सहा मॅचमध्ये १७ गोल केले, ७ खाल्ले. पुढच्या सहामध्ये ६ केले, १४ खाल्ले. खेळण्याची पद्धत तीच आहे. मधल्या फळीतला जाहू मागे येऊन बॉल घेतो, तिथून लांब पास, डावीकडे बिपिन पळतो. डिसेंबरपर्यंत ते कुणाला थांबवता येत नव्हतं. आता प्रत्येक टीम जाहूच्या अंगावर माणूस सोडते. तो अडला की आपल्याकडे दुसरा रस्ता नाही. गेल्या वर्षी तो दुसरा रस्ता बूमू होता.

बी-७०४: आणि मागचं बघ. आपली बचावफळी खूप पुढे येऊन उभी राहते. फॉलसारखा उंच माणूस हेडिंगला भारी, पण मागे मोकळं मैदान आणि समोर वेगवान फॉरवर्ड असला की दमछाक होते. २७ डिसेंबरला नॉर्थईस्टच्या ब्राऊनने हॅटट्रिक केली, ती विसरणं शक्य नाही.

डी-३०१: केरळाच्या मॅचपासून लय गेली असं मला वाटतं. १९ डिसेंबर. फॉलला रेड कार्ड, ०-३.

बी-७०४: हो, तिथूनच. पण मला सगळ्यात जास्त लागलेली गोष्ट वेगळी आहे. नॉर्थईस्टविरुद्ध ३-३ झालं तेव्हा आपण आधी पुढे होतो. ओडिशाविरुद्ध २-१ पुढे होतो, २-४ हरलो. काल परत नॉर्थईस्ट, परत आपण पुढे, शेवट १-१. सहापैकी तीन मॅच हातात होत्या. गेल्या वर्षी हीच टीम १-० झालं की मॅच बंद करून टाकायची. पुढे असताना बॉल शांतपणे फिरवायचा कुणी, हे ठरवणारी माणसं आता नाहीत. मधल्या फळीतला अपुया २१ वर्षांचा आहे, गुणी आहे, पण हे त्याला एका सीझनमध्ये कसं येणार? गोलकीपर नवाझही पोरसवदाच. मला त्यांच्यावर चिडता येत नाही.

ए-६०३ काका: अगं, पण मुंबईची टीम म्हणायचं तर मुंबईची मुलं कुठायत? रणजीची टीम ४१ वेळा जिंकली ती आपल्या मैदानांवरच्या पोरांच्या जिवावर.

बी-७०४: काका, राहुल भेके आपल्या मुंबईचाच आहे. याच सीझनला बेंगळुरू सोडून घरच्या टीमकडे आला. मंदार राव देसाई गोव्याचा, रोलिन बोर्जेस गोव्याचा. मुंबईची पोरं आणखी हवीत, यात मी तुमच्याच बाजूने आहे. पण जी आहेत त्यांच्या बाजूने तरी उभे राहू.

बी-२०२: मंदारचं नाव निघालं म्हणून सांगते. माझी मावशी मडगावला राहते. गच्चीवरून फातोर्डा स्टेडियमचे दिवे दिसतात तिला. पूर्वी मॅचच्या दिवशी रस्त्याने चालता यायचं नाही. आता दिवे लागतात आणि आवाज काहीच येत नाही. तिला ते बघवत नाही म्हणाली.

बी-७०४: वहिनी, मला हेच कितीतरी दिवस बोलायचं होतं. दुसरं वर्ष चाललंय, सगळी लीग गोव्यात, बंद दाराआड. हॉटेल, बस, मैदान, परत हॉटेल. दर थोड्या दिवसांनी नाकात काडी. त्यात या महिन्यात लीगमध्ये कोविड पसरला, १६ तारखेची आपली केरळाशी मॅच पुढे गेली. १० तारखेला बेंगळुरूकडून ०-३ हरलो आणि त्यानंतर पंधरा दिवस तोच पराभव डोक्यात घेऊन खोलीत बसायचं. समोर जिंकायला मॅचच नाही.

बी-७०४: २०१४ला बाबा मला नेरूळला डी. वाय. पाटीलवर घेऊन जायचे. अंधेरीहून जाऊन परत यायला रात्रीचे बारा वाजायचे. अनेल्का होता तरी आठ टीममध्ये सातवे आलो. मग टीम आपल्या इथे अंधेरीच्या मैदानावर आली. मार्च २०१९मध्ये सेमीफायनलला गोव्याने आपल्याला याच मैदानावर ५-१ धुतलं, तेव्हा आम्ही दोघं शेवटची शिट्टी होईपर्यंत बसून होतो. फेब्रुवारी २०२०मध्ये चेन्नईयिनकडून ०-१ हरलो, पहिल्या चारातली, म्हणजे सेमीफायनलची जागा गेली. तेव्हाही होतो. आणि गेल्या वर्षी १३ मार्चला बिपिनने ९०व्या मिनिटाला गोल मारून फायनल जिंकून दिली, तेव्हा मैदानात आपलं कुणीच नव्हतं. लीगमध्ये पहिले येऊन शील्ड जिंकली तेव्हाही नाही. सगळी हार आम्ही समोर बसून पाहिली आणि दोन्ही करंडक टीव्हीवर. माझी तक्रार असलीच तर ती एवढीच आहे, आणि त्यात खेळाडूंचा काही दोष नाही.

ए-२०३: ताई, माझी मुलगी शेजारी बसून वाचतेय. विचारते, आपण पहिल्या चारात येणार ना?

बी-७०४: तिला सांगा, खोटं आश्वासन देणार नाही. १२ मॅचमध्ये १८ पॉइंट आहेत, ८ मॅच बाकी आहेत. चुरस फार आहे, दोन-तीन पॉइंटमध्ये सगळा खेळ आहे. पण तिला गेल्या फेब्रुवारीची आठवण करून द्या. बेंगळुरूकडून २-४ हरलो, लगेच जमशेदपूरकडून ०-२. सगळे म्हणाले, संपलं. चार दिवसांनी ओडिशाला ६-१ हरवलं आणि त्यानंतर मोहन बागानला २-० हरवून शील्ड घेतली. त्याच शील्डमुळे एप्रिलमध्ये आपण पहिल्यांदा आशियाच्या चॅम्पियन्स लीगमध्ये खेळणार आहोत.

ए-६०३ काका: त्या वेळी ओग्बेचे होता.

बी-७०४: होता. ते खरंच आहे काका. म्हणून यंदा जास्त अवघड आहे. आपल्या फॉरवर्डला, अँगुलोला, बॉल मिळाला तर तो मारतो, पण त्याच्यापर्यंत बॉल जातच नाहीये. माझ्या मते पुढच्या फळीत विक्रम प्रतापला जास्त वेळ खेळवायला हवं. तो सरळ अंगावर धावून जातो, जाहू अडला तरी त्याचं अडत नाही. आणि पुढे असताना बचावफळी दहा पावलं मागे उभी करा. एवढं बदललं तरी फरक पडेल. कोच आता बदलला तर नवीन माणसाला परत शून्यातून सुरुवात, तीही हॉटेलच्या खोलीतून.

ए-६०३ काका: मागे उभी करा हे पटलं. कोचबद्दल माझं मत तेच आहे. पण येतो मी. खुर्ची पंख्याखाली नको.

सी-५०२: मला नाही बघवणार, खरंच सांगतो. मुलाला पाठवतो. शाळा सोमवारपासून सुरू झालीय, मॅच संपली की लगेच वर पाठवा.

बी-७०४: मी स्वतः दारापर्यंत सोडते.

ए-२०३: आमची दोन नावं लिहा. तिने गेल्या वर्षीचा निळा झेंडा कपाटातून काढलाय, इस्त्री करतेय.

सेक्रेटरी, ए-१०१: आतापर्यंत अकरा नावं झाली. मॅच साडेसातला. प्रोजेक्टर ऑफिसमध्ये आहे, पण गेल्या वेळची केबल सापडत नाहीये. कुणाकडे आहे?

डी-३०१: माझ्याकडे आहे. सात वाजता येऊन लावतो.